गालावरचा टवका

चष्म्याचं दुकान, म्हणून ते भिंगवाले. दुकानामागे एक खोली होती, खिडकी नसलेली, आणि त्या खोलीत दर रविवारी सकाळी नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे काय, तर निवृत्त मास्तर, बेकरीवाला, आणखी दोघंतिघं, एक लांबट टेबल आणि त्यावर लोंबणारा दिवा. रविवारी लोक बायकापोरांना घेऊन फिरायला जातात. ही मंडळी एकमेकांच्या नाण्यांत खोट काढायला जमायची. ज्याचा त्याचा छंद, आपण काय बोलणार?

मंडळाचा एक नियम होता. कुणी नवीन नाणं आणलं की ते हिरव्या मखमलीच्या तबकात ठेवायचं, छापा वर. तबक हातोहात फिरायचं. ज्याला नाणं पटलं तो ते तसंच छापा वर ठेवून पुढे सरकवायचा. ज्याला खोटं वाटलं तो ते गुपचूप उलटं करायचा, काटा वर. आणि मग तोंडातून शब्द काढायचा नाही. ‘का?’ म्हणून तर कुणीच विचारायचं नाही. ज्याचं नाणं उलटलं त्यानं ते उचलून खिशात टाकायचं, चहा प्यायचा, आणि काय रडायचं ते घरी जाऊन रडायचं.

नियम उगाच आला नव्हता. पूर्वी लोक तोंडावर बोलायचे. एकदा मास्तर बेकरीवाल्याला म्हणाले, “हे नाणं आणि तुझा पाव, दोन्ही कालच भट्टीतून निघालेत.” त्यावर अशी जुंपली की टेबलाचा पाय मोडला. तेव्हा भिंगवाल्यांनी हा नियम घालून दिला, माणसाची इभ्रत राहावी म्हणून. तबक सगळ्यांत शेवटी त्यांच्यापुढे यायचं आणि त्यांनी उलटवलेलं नाणं पुन्हा सुलटं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. माणूस मोठा जाणकार होता, यात वाद नाही. पण जाणकारीचं असं असतं, ती अंगात भिनली की डोळ्यांवर चढते.

मागच्या वर्षी या भल्या माणसाला दुर्बुद्धी सुचली. जुन्या बाजारात एक व्यापारी होता, नाणी, पदकं, चांदीची भांडी विकणारा. इतकं साखरेत घोळून बोलायचा की मंडळात त्याचं नाव गोडबोल्याच पडलं होतं. त्यानं एक सोन्याचं नाणं काढून भिंगवाल्यांपुढे ठेवलं. कुठल्याशा बुडालेल्या राज्यातलं. राजाचा चेहरा, आणि गालावर, डोळ्याच्या जरा खाली, खसखशीच्या दाण्याएवढा टवका उडालेला.

“एका घरात जुनी पेटी निघाली हो,” गोडबोल्या म्हणाला. “तुमच्याखेरीज कुणाला दाखवलं नाही. बाकीच्यांना काय कळतंय?”

हे वाक्य गोडबोल्या सगळ्यांनाच म्हणतो, हे भिंगवाल्यांना ठाऊक होतं. बेकरीवाल्याला त्यांनीच तर सावध केलं होतं. पण स्वतःचं कौतुक ऐकताना माणसाचे कान वेगळे असतात. त्यांनी नाणं घेतलं, आणि त्याच्या बदल्यात तरुणपणापासून जमवलेलं सगळं देऊन टाकलं. चांदी, तांबं, एकूण एक नाणं, लाकडी खणांसकट. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी होती, कुठून घेतलं, कधी घेतलं, आणि त्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या बायकोच्या अक्षरात होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. शहाण्या माणसानं निदान चिठ्ठ्या काढून ठेवल्या असत्या. यांना त्या दिवशी गालावरच्या टवक्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

मंडळात नाणं फिरलं, छापा वर राहिलं. भिंगवाल्यांचं नाणं उलटवायची कुणाची छाती होती? शेवटी तबक त्यांच्यापुढे आलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ते ऐटीत छापा वर ठेवलं आणि सगळ्यांना टवका दाखवला. “हीच त्याची साक्ष. कुणाच्या तरी हातून दगडावर पडलं असेल. बनावट नाणं कसं, गुळगुळीत असतं. खऱ्यालाच खोड असते, लक्षात ठेवा.” मग नाणं काचेच्या पेटीत बसवून दुकानात गल्ल्यामागे ठेवलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी चष्म्याची दांडी बसवायला आलेल्या गिऱ्हाइकालाही, टवक्याचं पुराण ऐकवायला सुरुवात केली. त्या पुराणाचा शेवट ठरलेला असायचा: “घराला ओल येते, सोन्याला येत नाही.”

हे सगळ्यांत जास्त वेळा कुणी ऐकलं असेल, तर त्यांच्या धाकट्या बहिणीनं.

धाकटी इस्पितळात नर्स होती. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढली, लग्न राहून गेलं, आणि आता नोकरी संपली होती. इस्पितळानं राहायला दिलेली खोली महिन्याअखेर सोडायची होती. निवृत्तीचे पैसे हातात आले होते आणि तिनं दोन खोल्यांचं घर पाहूनही ठेवलं होतं, मागच्या बाजूला एवढीशी गॅलरी असलेलं.

बुधवारी दुपारी ती दुकानात आली. भिंगवाले एका बाईंना चष्मा बसवून देत होते.

“दादा, डोळे मीट.”

“गिऱ्हाईक आहे गं.”

“मग एक मीट.”

बाई हसल्या. धाकटीनं पर्समधून डबी काढली आणि काउंटरवर उघडून ठेवली. आत सोन्याचं नाणं होतं.

“तुझ्याचं भावंड! त्याच पेटीतलं. गोडबोल्यानं तुझ्या नावावर रविवारपर्यंत माझ्याकडे ठेवायला दिलंय. मंडळानं पास केलं की सोमवारी पैसे देऊन मोकळी होते.”

“कसले पैसे?”

“घराचे.”

“अगं, आणि घर?”

“तूच सांगतोस ना, घराला ओल येते. काही वर्षं तुझ्या माडीवर राहीन. मग हे विकू आणि चांगलं मोठं घर घेऊ. तू नाही का सगळं देऊन एकच घेतलंस? मीही तुझीच बहीण आहे.”

बाई चष्मा घेऊन गेल्या. भिंगवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं. खरं तर नुसतं कौतुकानं बघायचं म्हणूनच लावलं.

राजाच्या गालावर टवका होता. त्याच जागी. तेवढाच. खालच्या बाजूला तीच केसाएवढी शेपूट, कानाच्या दिशेनं गेलेली.

दोन सख्खे भाऊ दिसायला सारखे असतील एक वेळ. पण दोघं एकाच दगडावर पडून दोघांच्या गालाला एकच खोक कशी पडेल? भिंगवाल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका जुन्या नाण्याचा साचा काढला होता कुणीतरी, आणि त्यातून नवी नाणी पाडली होती, टवक्यासकट. सोनं सोनंच होतं, वजनही बरोबर होतं. पण त्यांनी जे दिलं ते सोन्यापोटी दिलं नव्हतं, जुनेपणापोटी दिलं होतं, आणि ते जुनेपण बहुतेक मागच्याच वर्षी तयार झालं होतं. त्यांना सगळ्यांत आधी आठवल्या त्या चिठ्ठ्या.

“कसं आहे?” धाकटीनं विचारलं.

आता बघा, इथं सरळ बोलले असते तर गोष्ट इथंच संपली असती. ‘बाई गं, हे खोटं आहे आणि माझंही खोटं आहे.’ एवढंच वाक्य. पण त्यांनी मान वर केली. गल्ल्यामागे काचेच्या पेटीत त्यांचं नाणं झळकत होतं. मास्तर, बेकरीवाला, सगळे डोळ्यांपुढे आले.

“महाग देतोय तो,” ते म्हणाले. “तुला कशाला हवंय हे लफडं? घर घे तू.”

“तुला चालतं, मला चालत नाही?”

“तसं नाही. तुला यातलं काय कळतं?”

हे बोलले आणि चुकले. धाकटीचा चेहरा उतरला. लहानपणी दादाचा नाण्यांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्याला हात लावायची तिला बंदी होती. एकदा त्याला खूश करायचं म्हणून तिनं सगळी काळवंडलेली नाणी राखेनं घासून लख्ख केली. जुन्या नाण्याचा काळपटपणा गेला की त्याची किंमतही जाते, हे त्या पोरीला कुठून कळणार? दादा तिच्याशी किती दिवस बोलला नव्हता, ते तिला अजून आठवत होतं.

“म्हणजे अजून हात लावू नको म्हणतोस डब्याला,” ती म्हणाली. “असू दे. मी रविवारी मंडळात आणते. ते काय सांगतील ते खरं.” डबी मिटली, आणि गेलीसुद्धा.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. गप्प बसावं, तर बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर जातं. बोलावं, तर आपलं नाव जातं. भिंगवाल्यांनी तिसरी वाट शोधायचं ठरवलं. आपल्या फजितीचा पत्ता लागू न देता दुसऱ्याचं भलं करायचं, ही ती वाट. आजवर त्या वाटेनं कुणी कुठं पोचल्याचं ऐकिवात नाही, पण प्रत्येक जण आधी तिथंच जातो. दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यावर बंद करून ते गोडबोल्याकडे गेले.

“बहिणीला नाणं विकू नका,” ते म्हणाले.

“का हो?” गोडबोल्यानं खुर्ची पुढे सरकवली. “पैसे मी मागितले नाहीत. बाई आपण होऊन आल्या. म्हणाल्या, दादाकडे आहे तसंच द्या.”

“ते नाणं बरोबर नाही.”

“असं?” गोडबोल्या जराही घाबरला नाही. उलट त्यानं हळहळल्यासारखं तोंड केलं. “मग तुमचंही बरोबर नसणार. एकाच पेटीतलं ना? पण तुमचं तर तुमच्याच मंडळानं पास केलंय. तुम्ही स्वतः केलंय. मी आता गिऱ्हाइकांना काय सांगतो माहितीय? भिंगवाल्यांच्या गल्ल्यामागे जाऊन बघा आणि मग या. तुम्ही म्हणत असाल तर सांगतो बापडा उद्यापासून, की भिंगवाले फसले.”

“माझी नाणी परत द्या. हे घ्या तुमचं.”

“ती कधीच विकली हो. खण वेगळे, नाणी वेगळी. चिठ्ठ्यांचा कचरा मात्र बराच निघाला.” मग तो पुढे वाकून अगदी मायेनं म्हणाला, “भिंगवाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडता?”

भिंगवाले उठले. रस्त्यावर आल्यावर त्यांना एवढा राग आला, की परत जाऊन त्याची काच फोडावी. पण फोडून सांगणार काय? त्यांच्याच नावाचा पिंजरा केला होता त्या माणसानं, आणि त्याची किल्लीही त्यांच्याच खिशात होती. फक्त ती लावायची तर चारचौघांत लावावी लागणार होती. जेवण जाईना. शनिवारी एका म्हाताऱ्याला त्यांनी दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला, तो बिचारा उंबऱ्याला अडखळून परत आला आणि म्हणाला, “अहो, जमीन वर आलीय.”

शेवटी त्यांना सुचलं. नियम! आपलाच नियम. तबक आपल्यापुढे येईल, आपण तिचं नाणं उलटवू. ‘का?’ असं कुणी विचारणार नाही. बहिणीचं घर वाचेल, आपलं नाणं गल्ल्यामागे राहील, आणि हे सगळं आपल्याबरोबर मातीत जाईल. त्यांना जरा हुशारी वाटली. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

रविवारी धाकटी ठेवणीतली साडी नेसून आली. ती मंडळात नव्हती, म्हणून भिंतीलगत खुर्ची टाकून बसली. तबक फिरलं. मास्तरांनी नाणं पाहिलं, भिंगवाल्यांकडे पाहिलं, आणि छापा वर ठेवलं. बेकरीवाल्यानं तर भिंगही लावलं नाही. “तुमच्याच जोडीचं ना? मग काय बघायचं!” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तबक भिंगवाल्यांपुढे आलं.

त्यांनी भिंग लावलं, रीतसर वेळ घेतला, आणि नाणं उलटं केलं. काटा वर.

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. बेकरीवाला पंख्याकडे बघायला लागला. कुणी काही विचारलं नाही. भिंगवाल्यांचा जीव भांड्यात पडणार, तोच भिंतीकडून आवाज आला.

“का?”

“इथं विचारत नाहीत,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “नियम आहे, बाई.”

“तुमचा असेल. मी मंडळात नाही.” धाकटी उठून टेबलाशी आली. “दादा, का? त्याच पेटीतलं, तोच राजा, तोच टवका. तुझ्याकडे असलं की अस्सल आणि माझ्याकडे आलं की खोटं? तुझं आण. शेजारी ठेव. मला बघू दे.”

नाही म्हणायला कारण सापडेना. भिंगवाले पुढे दुकानात गेले, पेटीतून नाणं काढलं आणि आणून तबकात ठेवलं. तिनं त्यांच्या हातातून भिंग घेतलं.

आता ही बाई कोण, तर जिला इस्पितळात डॉक्टरसुद्धा हाक मारायचे, शीर सापडत नसली की. तिनं आधी स्वतःचं नाणं सुलटं करून पाहिलं, मग दादाचं, मग पुन्हा स्वतःचं. भिंगवाले तिच्याकडे बघत होते. तिचं भिंग दादाच्या नाण्यावर थांबलं, तिथून हलेना, आणि तिचे कान हळूहळू लाल झाले. दिसलं होतं तिला. टवका दिसला, शेपूट दिसली, आणि बुधवारपासूनचा सगळा दादा दिसला.

तिनं भिंग खाली ठेवलं. स्वतःचं नाणं काटा वर केलं. दादाचं नाणं छापा वर ठेवून तबकाच्या मधोमध सरकवलं.

“दादाचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “माझंच खोटं. फरक आहे दोन्हींत, मलासुद्धा दिसला. उद्या परत करते.”

आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. दादाकडे बघितलंही नाही.

भिंगवाल्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घर वाचलं, नाव वाचलं. मग अंगाला घाम का सुटला? आता हे दोघांचं झालं होतं. यापुढे दर रविवारी ते नाणं छापा वर राहणार होतं, आणि ते तसं राहावं म्हणून जन्मात कधी खोटं न बोललेली बहीण खोटं बोलली होती. डब्याला हात लावू नको म्हणून जिला दटावलं, तिनं त्यांची इभ्रत पदराखाली झाकली होती. त्यांना स्वतःची मनापासून किळस आली. तरीही तोंड उघडेना.

बेकरीवाल्यानं घसा खाकरला. “चला, एक बरं झालं. भिंगवाल्यांचं अस्सल हे पुन्हा एकदा ठरलं. मी जरा कचरत होतो. गोडबोल्याकडे तिसरं निघालंय म्हणे पेटीतून. नवी भट्टी बसवायला पैसे काढलेत, पण भट्टी काय, पुढच्या वर्षी बसेल. फक्त टवका बघून घेईन. टवका असला की अस्सल, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. खऱ्यालाच खोड असते!”

भिंगवाल्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. एकदा तिनं झाकलं होतं. बेकरीवाल्यासाठी ती पुन्हा झाकणार नव्हती, आणि उघडणारही नव्हती. ते काम तिचं नव्हतंच.

त्यांनी हात पुढे केला आणि आपलं नाणं उलटं केलं. काटा वर.

दोन्ही नाणी तबकात शेजारी शेजारी पालथी पडली होती. मास्तरांचा हात चष्मा पुसता पुसता थांबला. बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मग एकेकानं नजर काढून घेतली. कुणी पंख्याकडे पाहिलं, कुणी नखांकडे. कुणीतरी किटलीतून चहा ओतायला सुरुवात केली. माणसाची इभ्रत राखायची होती ना! सगळे शहाण्यासारखे नियम पाळत होते.

भिंगवाले वाट बघत राहिले. सांगायचं सगळं अगदी दातांपर्यंत आलं होतं, पण न विचारता कसं सांगतात ते त्यांना कधी जमलंच नव्हतं. अरे, विचारा रे कुणीतरी, त्यांना ओरडावंसं वाटलं. चहाचा कप त्यांच्यापुढे आला. आता रीतीप्रमाणे नाणं खिशात टाकायचं, चहा प्यायचा आणि माडीवर जायचं.

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. धाकटी टेबलाशी येऊन त्यांच्या शेजारी बसली. तिनं चहाचा कप बाजूला सरकवला.

“का रे, दादा?” तिनं विचारलं.

शब्द मघाचाच होता. पण या वेळी तिनं तो असा विचारला, जसा ती रात्रपाळीत कण्हणाऱ्या माणसाला विचारत असेल.

भिंगवाल्यांनी भिंग उचलून बेकरीवाल्याच्या हातात दिलं. “गाल बघ,” ते म्हणाले. “दोन्हींचे गाल बघ नीट.” मग त्यांचा आवाज फुटला, पण ते थांबले नाहीत. त्यांनी सुरुवात गोडबोल्यापासून केली नाही. आधी चिठ्ठ्यांचं सांगितलं.